सपाट भिंतीत खोली काढताना

अंबाजोगाईच्या जुन्या गावातल्या एका वाड्याच्या चौकात फेब्रुवारीत आम्ही प्रोजेक्शनचं मांडणशिल्प उभं केलं. काम ऐकायला सोपं होतं. समोरच्या भिंतीत दोन खऱ्या देवळ्या आहेत. त्यांच्या शेजारी निव्वळ उजेडाच्या सात देवळ्या काढायच्या, त्याही अशा की नऊही सारख्याच खोल वाटाव्यात. शेवटच्या ४० सेकंदांत मात्र भिंतच उघडून आत दोन मीटरचा बोळ दिसावा. १२ मिनिटांचा खेळ, रात्रीच्या पाच फेऱ्या, तयारीला ११ दिवस. त्यांतले निम्मे दिवस चित्राला हातही न लावता बैठक आखण्यात आणि अंधार करण्यात गेले. अशा कामाला हीच वाटणी बरोबर. भिंतीवरची खोली भिंतीत नसते. बघणाऱ्याचा डोळा नेमका कुठे आहे, त्यावर ती ठरते.

आधी पृष्ठभागाचं. मराठवाड्यात उजेड टाकायचा म्हटलं की लेणी, हेमाडपंती देवळं, वेशी डोळ्यांपुढे येतात. पण तो सगळा काळा बेसाल्ट. त्यावर पडलेल्या उजेडातला साधारण दहा टक्केच परत येतो. चुन्याच्या स्वच्छ भिंतीवरून ७० ते ८० टक्के येतो. म्हणजे चुन्यावर एका प्रोजेक्टरचं काम असेल, तिथे काळ्या दगडावर सात लावावे लागतील. शिवाय संरक्षित वास्तूत परवानगीविना खिळाही ठोकता येत नाही. म्हणून पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचा, आतून चुना लावलेला वाडा निवडला.

जुना चुना पिवळट आणि डागाळलेला होता, तेव्हा दोन हात नवे मारले. यात दोन चुका हमखास होतात. पहिली नीळ. आपल्याकडे सफेदीत नीळ टाकल्याशिवाय रंगाऱ्याला चैन पडत नाही. नुसत्या डोळ्याला ती भिंत जास्त पांढरी दिसते, पण पिवळा-तांबडा उजेड ती खाते आणि आमच्या चित्रातल्या पणतीची ज्योत आजारी दिसते. नीळ टाकू नका, हे चुना कालवायच्या आधी सांगायचं असतं. दुसरी घाई. ओला चुना अर्धवट पारदर्शक असतो, त्यातून खालचे डाग वर दिसतात. आम्ही तीन दिवस वाळू दिला. नव्या चुन्याचा आणखी एक फायदा आहे : भिंतीचा पोत जातो. पोपडे, भेगा, ब्रशचे फराटे दिसले की डोळा त्यांनाच धरून बसतो आणि ‘ही सपाट भिंत आहे’ हे त्याला पक्कं कळतं. पोत पुसला की डोळ्याचा तो साक्षीदार गेला.

आता बैठक. रोममध्ये सांत इग्नात्सिओ चर्चच्या छतावर आंद्रेया पोझ्झो यांनी १६८५ ते १६९४ या काळात आभासी खांब-कमानी रंगवल्या. त्या नीट दिसाव्यात म्हणून जमिनीत एक संगमरवरी चकती बसवली आहे. तिच्यावर उभं राहिलं की छत आभाळापर्यंत उघडतं, तिच्यापासून दूर गेलं की खांब कलंडतात. आपल्याकडे चकतीपेक्षा सोयीची गोष्ट आहे : सतरंजी. माणूस मांडी घालून बसला की डोक्याची हालचाल कमी होते आणि डोळ्याची उंचीही ठरून जाते. मांडी घातलेल्या प्रौढ माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असतो, उभ्या माणसाचा दीड मीटरच्या आसपास. हा फरक विसरून उभ्या माणसाच्या डोळ्यानं चित्र काढलं आणि माणसं खाली बसवली, तर क्षितिजरेषा पाऊण मीटर चुकते. मग देवळ्या पुढे कलल्यासारख्या वाटतात. कारण कुणाला सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे सगळ्यांना जाणवतं.

आम्ही चित्र आखण्यासाठी डोळा भिंतीपासून सात मीटरवर, ७५ सेंटिमीटर उंचीवर, मध्यरेषेत धरला. या बिंदूपासून बाजूला सरकलं की खोटी खोली तिरकी होते. किती, ते काढता येतं. सात मीटरवर बसलेला माणूस एक मीटर बाजूला असेल तर भिंतीच्या आत काढलेल्या बाजू आठ अंशांनी कलतात; दोन मीटर असेल तर सोळा. खोली कमी काढली की कलणं कमी होईल, असं वाटतं. पण हा कोन खोलीवर अवलंबून नसतो, फक्त बसण्याच्या जागेवर असतो. आठ अंशांपर्यंत मेंदू चालवून घेतो, सोळाला घेत नाही. पुढे-मागे सरकण्याची शिक्षा मात्र फार हलकी. सहा मीटरवर बसलेल्याला २५ सेंटिमीटरची देवळी साडेएकवीसची वाटेल, आठ मीटरवर बसलेल्याला साडेअठ्ठावीसची. हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बैठक नाटकासारखी रुंद ठेवायची नाही, पंगतीच्या पट्टीसारखी अरुंद आणि मागे वाढत जाणारी ठेवायची.

मागे वाढवली की पुढच्याचं डोकं आड येतं. मांडी घालून बसलेल्याच्या डोक्याचा माथा जमिनीपासून साधारण ८८ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे मागच्याच्या डोळ्यापेक्षा १३ सेंटिमीटर वर. रांगा ९० सेंटिमीटरच्या अंतरानं आणि एकाआड एक ठेवल्या : तीन, दोन, तीन. भिंतीपासून ५.९, ६.८ आणि ७.७ मीटर. दुसऱ्या रांगेला पहिल्या रांगेतल्या फटींमधून दिसतं. तिसऱ्या रांगेपुढे पहिल्या रांगेतली डोकी येतात, पण ती भिंतीचा १.३ मीटरपर्यंतचाच भाग झाकतात. देवळ्यांचा तळ १.३५ मीटरवर आहे, तेव्हा निभावलं. एका फेरीला आठ माणसं. जास्त बसवा असा आग्रह रोज होतो. आठाची बारा केली की कडेचे चौघे ‘काही विशेष नाही’ म्हणत उठतात, आणि त्यांचं खरं असतं.

खोली किती काढायची हा दुसरा निर्णय. इथे दोन डोळे आडवे येतात. दोन डोळ्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली मोजतो. फरक कोनात मोजायचा, त्याला पंचांगातलीच मापं लागतात : एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. हिशेब असा : डोळ्यांमधलं अंतर गुणिले खोली, भागिले भिंतीचं अंतर आणि मागच्या पृष्ठाचं अंतर यांचा गुणाकार. सात मीटरवरून २५ सेंटिमीटर खोल खऱ्या देवळीचा फरक ६४ विकला येतो. निरोगी डोळ्यांना चांगल्या उजेडात २०-३० विकलाही कळतात, पण मंद उजेडात ती धार बोथट होते. म्हणजे सात मीटरवर अंधारात खरी देवळी आणि रंगवलेली देवळी यांतला फरक सांगणं डोळ्यांना जड जातं. तीन मीटरवर तोच फरक ३३३ विकला होतो, तिथे फसवणूक अशक्य. आणि दोन मीटर खोल बोळाचा फरक सात मीटरवरूनही ४१२ विकला असायला हवा. भिंत सपाट असल्यानं तो शून्य येतो, आणि दोन्ही डोळे मिळून चित्राला खोटं पाडतात.

म्हणून १२ मिनिटांतली ११ मिनिटं आम्ही २५ सेंटिमीटरच्या आतच राहिलो. प्रोजेक्शन करणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच मिनिटाला भिंतीत विहीर खणायची असते. रस्त्यावर, २०-२५ मीटर दूर उभ्या असलेल्या गर्दीसाठी ते ठीक आहे, तिथे दोन डोळ्यांची साक्ष जवळजवळ संपलेली असते. वाड्याच्या चौकात उथळ खोलीच खरी वाटते. दोन मीटरचा बोळ शेवटी, अगदी मंद उजेडात, आणि ४० सेकंदच. तोपर्यंत डोळ्यांना भिंतीवर विश्वास बसलेला असतो आणि उधारीवर थोडा वेळ मिळतो.

प्रोजेक्टर ५००० लुमेनचा, लेझर, १९२०×१२०० बिंदूंचा, भाड्यानं आणलेला. चित्र चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच, खालची कड जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर. लेन्सचं गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) दोनवर ठेवलं, म्हणजे आठ मीटर अंतर. समोरच्या ओसरीच्या सागवानी तुळईला क्लॅम्प आवळून २.७ मीटरवर टांगला, क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. तुळईला एकही भोक पाडलं नाही. यंत्र पुढे वाकवायचं नाही, सरळच ठेवून लेन्स शिफ्टनं, म्हणजे यंत्रातली लेन्सच सरकवून, चित्र खाली आणायचं. आम्हाला चित्राच्या उंचीच्या ४२ टक्के शिफ्ट लागलं. भाड्यानं घेताना हा आकडा विचारून घ्यावा, कारण स्वस्त यंत्रांत शिफ्ट नसतंच. मग लोक डिजिटल कीस्टोन वापरतात, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र आकड्यांनी आक्रसून सरळ करतात; त्यात बिंदू वाया जातात आणि रेषा मऊ पडतात.

जवळून मोठं चित्र टाकणारे शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर जागा वाचवतात म्हणून मोहात पाडतात. जुन्या भिंतीवर ते नकोच. पांढऱ्या मातीच्या भिंतीला दोन-दोन सेंटिमीटर पोट सुटलेलं असतं. भिंतीलगत २० अंशांनी घासत येणारा उजेड तेवढ्या फुगवट्यावर साडेपाच सेंटिमीटर सरकतो. आमच्या मांडणीत तोच फुगवटा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास सरकवतो. कारण प्रोजेक्टर आणि बघणारा जवळपास एकाच दिशेनं भिंतीकडे पाहतात. प्रोजेक्टर थेट डोळ्याच्या जागी ठेवता आला असता तर कितीही वाकडी भिंत असो, चित्र बिघडलं नसतं आणि एकही सावली दिसली नसती. तिथे माणूस बसलेला असतो, एवढीच अडचण. तेव्हा त्याच्या डोक्यावरून, शक्य तितकं जवळ.

एक बिंदू भिंतीवर २.०८ मिलिमीटरचा पडतो. सात मीटरवरून तो बरोबर एक कला, म्हणजे डोळ्याच्या क्षमतेच्या काठावर. पहिल्या रांगेला बिंदूंची जाळी अंधूक जाणवत होती. फोकस केसभर ढिला केला आणि जाळी गेली. कडक फोकस हा सिनेमाचा नियम. इथे बिंदू दिसला की पडदा दिसला, आणि पडदा दिसला की खोली संपली.

अंधारावर दोन दिवस गेले. भिंतीवर प्रोजेक्टरचा पूर्ण पांढरा उजेड ३५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) भरला. गल्लीतल्या दिव्याचा सहा लक्स उजेड भिंतीवर येत होता. सहा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्यानं पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण ५७ला एकवर आणलं. देवळीचा आतला काळोख राखाडी दिसत होता, आणि राखाडी काळोखात खोली नसते. परवानगी काढून दिव्याच्या आमच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. उरला अर्धा लक्स, प्रमाण पाचशेच्या वर गेलं. दुसरा उजेड चौकाच्याच बाकीच्या पांढऱ्या भिंतींवरून परत येतो. त्यासाठी ओसरीच्या खांबांमध्ये काळ्या घोंगड्या टांगल्या. याहून चांगलं उजेड पिणारं कापड पाहण्यात नाही, आणि वाऱ्यानं ते फडफडतही नाही. चित्रातही सरासरी उजेड पांढऱ्याच्या पंधरा टक्क्यांपुढे जाऊ दिला नाही.

प्रोजेक्टरचा ‘काळा’ काळा नसतो, हे नवख्यांना पहिल्या रात्रीच कळतं. काहीच दाखवत नसताना भिंतीवर फिकट आयत दिसतो, आणि चौकट दिसली की चित्र हे चित्रच राहतं. लेन्सपुढे १५ सेंटिमीटरवर काळ्या कार्डाची खिडकी कापून लावली. इतक्या जवळ असल्यानं कार्डाची कड फोकसमध्ये येत नाही, आयताची धार विरून जाते. कार्ड लेन्सला चिकटवू नये, उष्णता अडते.

फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तरी पहिली फेरी सव्वासातच्या आधी घेता येत नाही. चौकाला वर आभाळ उघडं असतं. आणि माणसं उजेडातून थेट आणायची नाहीत. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या आडोशाच्या ओसरीत, पाच-सात मिनिटं बसवायचं, फोन खिशात. तेवढ्यात डोळे मंद उजेडाला सरावतात. वाडा बांधणाऱ्यांनी हा अंधारा उंबरठा आयताच ठेवला आहे.

मग भिंतीचं मोजमाप. टेपनं मोजून त्रिमितीय प्रतिकृती करता येते, पण पोट सुटलेली भिंत टेपला सापडत नाही. आम्ही ग्रे-कोडच्या पट्ट्या वापरल्या. प्रोजेक्टर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाकतो, दर वेळी अधिक बारीक, आणि कॅमेरा प्रत्येकाचा फोटो घेतो. त्यावरून प्रोजेक्टरचा कुठला बिंदू कॅमेऱ्याला कुठे दिसला, ते कळतं. १९२० रकान्यांसाठी ११ चित्रं पुरतात, कारण दोनाचा अकरावा घात २०४८. १२०० ओळींसाठीही ११. प्रत्येकाचं उलटं चित्र धरून ४४, वर एक पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं : ४६. उलगडा करायला ओपनसीव्ही या संगणक-दृष्टीच्या सॉफ्टवेअर-संग्रहात तयार साधन आहे. यातली खरी युक्ती कॅमेऱ्याच्या जागेत आहे. तो बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी, सात मीटरवर, ७५ सेंटिमीटरला ठेवला की भिंतीची प्रतिकृती करायची गरजच उरत नाही. त्या जागेवरून जे दिसायला हवं ते चित्र थेट प्रोजेक्टरच्या बिंदूंत उलटवता येतं.

कॅमेरा : तिवईवर, २४ मिलिमीटरची लेन्स, एफ ८, आयएसओ २००, शटर १/१५ सेकंद, सगळं मॅन्युअल. शटर याहून जलद ठेवलं तर रंग एकामागून एक टाकणाऱ्या एका चिपच्या प्रोजेक्टरच्या रंगचक्रामुळे फोटोत पट्टे येतात. बटण हातानं दाबायचं नाही. चौकातून कुणी चाललं की ४६ पुन्हा पहिल्यापासून. खऱ्या देवळ्यांच्या आत वर्षानुवर्षांची तेलकट काजळी होती, तिथून उजेड परतच येत नव्हता. आत साधा कागद चिकटवून स्कॅन केला आणि नंतरही तो कागद तसाच ठेवला. दाराच्या पितळी कड्या चमकतात आणि खोटे बिंदू देतात. त्यांना फडकी बांधली. कुठला बिंदू कुठे दिसतो याचा असा तयार झालेला नकाशा ८ बिटमध्ये साठवू नये. १९२० रकाने २५६ पायऱ्यांत कोंबले जातात आणि सरळ रेषा जिन्यासारखी तुटते. १६ किंवा ३२ बिट घ्यावा. पुढे टचडिझायनर या दृश्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिंदू हलवणाऱ्या रिमॅपला तो नकाशा जोडला की झालं.

चित्र ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये केलं. आभासी कॅमेरा त्याच डोळ्याच्या जागी, समपातळीत. भिंत पूर्ण दिसावी म्हणून तो वर करायचा नाही, शिफ्ट द्यायचं. वर केला की उभ्या रेषा वर जाताना मिटत येतात.

सर्वांत जास्त वेळ गेला खोट्या देवळ्यांना खऱ्यांसारखं करण्यात, आणि तोच भाग सांगण्याजोगा आहे. खाली बसलेल्याला देवळीचा तळ दिसत नाही, छत दिसतं. देवळीची वरची कड १.८ मीटरवर, डोळा ०.७५वर. त्यामुळे २५ सेंटिमीटर खोल छत त्याला वरून ३.६ सेंटिमीटरच्या पट्टीएवढं दिसतं, आणि मागच्या भिंतीचे खालचे दोन सेंटिमीटर तळाच्या कडेमागे लपतात. आमच्या पहिल्या खर्ड्यात सातही देवळ्यांना सुंदर तळ दिसत होता. एकही पटली नाही. पुढची गोष्ट प्रोजेक्टरची. तो वरून येतो, म्हणून खऱ्या देवळीच्या छतावर उजेड पडतच नाही आणि मागच्या भिंतीचा वरचा २.८ सेंटिमीटर पट्टा सावलीत राहतो. दोन्ही मिळून साधारण सहा सेंटिमीटरचा काळोख प्रत्येक खऱ्या देवळीत वर असतोच. तो पुसता येत नाही, तेव्हा खोट्या सातांनाही तेवढाच दिला. त्याच क्षणी नऊ देवळ्या एका रांगेत बसल्या. खऱ्या दोघींनी खोट्या सात जणींना जामीन दिला म्हणा.

उजेड वरून येतो हे मेंदू गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांवर हे दाखवलं : वरची बाजू उजळ असेल तर वर्तुळ फुगीर वाटतं, तेच उलटं केलं की खळगा होतो. म्हणून आभासी सूर्य डावीकडून उजवीकडे फिरवला, पण कायम वरूनच. एकदा गंमत म्हणून खालून आणला तेव्हा खोट्या देवळ्यांच्या जागी भिंतीला सात गळवं आली आणि खऱ्या दोन तशाच राहिल्या. अपवाद पणतीचा. ज्योत डोळ्यांना दिसत असेल तर खालचा उजेड मेंदू मान्य करतो. मात्र ज्योत आधी लागली पाहिजे, सावल्या अर्ध्या सेकंदानं मागून.

सावली हलवणं हे वस्तू हलवण्यापेक्षा जोरकस असतं. दृष्टीचे अभ्यासक डॅनियल केर्स्टेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलेला प्रयोग असा : चेंडूचा मार्ग तोच ठेवून फक्त सावलीचा मार्ग बदलला, तर चेंडू हवेत उचलला गेल्यासारखा दिसतो. आम्ही झेंडूची माळ भिंतीला टेकलेली काढली. माळ जागची हलली नाही. तीन सेकंदांत तिची सावली सहा सेंटिमीटर खाली-उजवीकडे सरकली आणि सरकताना मऊ होत गेली. माळ भिंत सोडून पुढे आली. सावली मऊ करायची विसरलो होतो तेव्हा ती पुढे न येता सावलीच कागदासारखी घसरली. रंग चढवून उठाव आणण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकावरची उजळ रेघ बघितली तर सपाट गिलाव्यावर नाक कसं पुढे येतं ते कळतं.

खोली न उतरल्यास दोष कुठे आहे हे शोधायच्या तीन चाचण्या आहेत. एक डोळा मिटून पाहा. एकदम खोली वाढली तर चित्र बरोबर आहे, अंतर कमी पडतं आहे किंवा काढलेली खोली जास्त आहे. तरीही सपाटच दिसलं तर दोष चित्रात. मग कागदाची पुंगळी करून तिच्यातून पाहा. खोली वाढली तर चौकट किंवा बाजूची भिंत उघडी पडते आहे. तिसरी, सावकाश अर्धा मीटर डावी-उजवीकडे डोकं न्या. देवळ्या तुमच्याबरोबर वळल्यासारख्या वाटल्या तर ते साहजिक आहे, पण खऱ्या आणि खोट्या यांच्यामध्ये सांधा उघडला तर नकाशा सरकलेला आहे. फोनवरच्या फोटोवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्याला एकच डोळा, फोटो स्वतःच सपाट. त्यात सगळंच खोल दिसतं. फोटोत खूश करणारी मांडणी चौकात आडवी पडलेली पुष्कळदा बघायला मिळते.

बोळासमोर लावायला बारीक काळी जाळी आणली होती, उजेड तिच्यावर थोडा अडकावा आणि थोडा मागे जावा म्हणून. जाळीचे चौकोन आणि प्रोजेक्टरचे बिंदू यांच्या भांडणातून भिंतभर लाटा उठल्या. जाळी १५ अंश तिरकी ताणली की लाटा बऱ्याच मोडतात. पण वाऱ्यानं ती हलली की चित्र दोनदा दिसतं. खालच्या दुमडीत सळई घातली तरी संध्याकाळचा वारा ऐकेना, म्हणून जाळी काढून टाकली. बंद दालनात ती चालेल. धुराचंही तेच. कलाकार अँथनी मॅक्कॉल यांच्यासारखं धूसर हवेत उजेडाचं घन आकारमान उभं करायला चार भिंती आणि छत लागतं.

लाईट हा वेगळा विषय. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझर, त्यापुढे प्रोजेक्टर आणि लॅपटॉपसाठी यूपीएस. यंत्र ४०० वॉट खातं, तेव्हा यूपीएसची बॅटरी फेरी संपवण्यापुरती धरावी, रात्रभराची नाही. यूपीएस उतरला आणि मग लाईट आली की प्रोजेक्टर स्वतः चालू व्हावा ही सेटिंग करून ठेवावी, आणि ऑटो कीस्टोन आठवणीनं बंद करावं. नाहीतर यंत्र जागं होताच स्वतःच्या बुद्धीनं चित्र ‘सरळ’ करतं आणि सगळा नकाशा वाया जातो. लॅपटॉपचे अपडेट, झोप, सूचना, सगळं बंद. लॅपटॉप ते प्रोजेक्टर १८ मीटर केबल होती. साधी एचडीएमआय इतक्या लांब मधूनच डोळे मिचकावते, फायबरची घ्यावी.

माळवदावर कुणी चाललं की तुळई हलते. ०.०१५ अंशाच्या हलण्यानं चित्र एक बिंदू सरकतं, आणि खरी देवळी न हलता तिच्यातला उजेड हलला की लगेच दिसतं. खेळ चालू असताना जिन्याला दोरी बांधायची. लाकूड दिवसा तापतं, रात्री निवतं; रोज संध्याकाळी चित्र तीन-चार बिंदू सरकलेलं सापडायचं. चार कोपऱ्यांत पेन्सिलनं बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या, प्रोजेक्टरच्या फुल्या त्यांच्यावर आणल्या की पाच मिनिटांत काम होतं. 

किडे फेब्रुवारीत थोडे असतात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर हाच खेळ करू नये. लेन्सपुढून उडणाऱ्या एका पंखवाल्या किड्याची धूसर सावली अडीच मीटरच्या चित्रावर घारीएवढी होते. आणि उन्हाळ्यात यंत्राची ४० अंशांची मर्यादा दुपारी तुळईखालीच ओलांडली जाते, म्हणून ते संध्याकाळी टांगायचं. धुळीचा फिल्टर रोज काढून झटकायचा.

बंद करताना आधी खेळ, मग प्रोजेक्टर, पंखा थांबल्यावर यूपीएस. सतरंजी गुंडाळायच्या आधी तिच्या चारही कोपऱ्यांखाली फरशीवर खडूच्या खुणा आहेत का ते बघायचं. झाडलोट करताना त्या पुसल्या जातात, आणि दुसऱ्या रात्री बैठक अर्धा मीटर बाजूला पडते.